पर्जन्यछायेतले गाव : तासगावचा भूगोल आणि इतिहास

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी पुण्यात फटाके ऐकू येतात. आमच्या तासगावच्या मळ्यात मात्र त्या वेळी ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचा आवाज असतो. ऑक्टोबरातली फळछाटणी उरकलेली असते. कुणाची बाग पोंग्यात, कुणाची फुलोऱ्यात. अशा वेळी आभाळ आले की सणवार राहतो बाजूला, आधी फवारणी. माझ्या धाकट्या भावाने गेल्या पंचवीस वर्षांत नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी निवांत आंघोळ केलेली मला आठवत नाही.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो मला म्हणाला, "दादा, अडीच एकरांतली एक एकर काढायची म्हणतोय. परवडंना." आणि थोडे थांबून, "तू इतिहासाचा मास्तर. एक सांग मला. द्राक्ष गेलं तर ह्या गावात ऱ्हातंय काय?"

मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवला. मौर्य, मुघल, मॉन्सून, ज्वालामुखी सारे शिकवले. पण आपल्याच गावाबद्दल सरळ विचारलेल्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. गेले वर्षभर ते शोधत होतो. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो.

गाव इथेच का?

सुरुवात नकाशापासून करू. तासगाव सांगलीच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ५६० मीटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ३८ हजारांच्या घरात. महाराष्ट्रातली जुनी गावे बहुधा नदीच्या घाटावर वसलेली असतात. सांगली, मिरज, कराड, वाई ही सारी कृष्णेची लेकरे. तासगाव मात्र कृष्णेवर नाही. येरळा नदी तालुक्यातून वाहते, पण तीही शहराला खेटून न जाता पश्चिमेकडून पुढे सरकते. खटाव तालुक्यात उगम पावलेली ही येरळा वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवते, आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तालुक्याच्या पूर्वेला सावळजकडची अग्रणी नदी तर याहूनही अशक्त. ती दक्षिणेला कवठेमहांकाळकडून कर्नाटकात उतरते.

इथल्या भूगोलाची किल्ली पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून तासगाव नकाशावर फार लांब नाही, पण इथे सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच पडतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर ओझे उतरवून मोकळे होतात आणि घाट उतरून पूर्वेला येईपर्यंत कोरडे पडतात. याला भूगोलात पर्जन्यछाया म्हणतात. वर्गात फळ्यावर डोंगर काढून मी हे शेकडो वेळा समजावले आहे. पण तासगाव तालुका नेमका या छायेच्या कडेवर बसलेला आहे, हे मुलांना खिडकीतून बाहेर दाखवून सांगायचे मला कधी सुचले नाही.

कडेवर म्हणतो, कारण तालुक्याला दोन तोंडे आहेत. पश्चिमेकडे येरळाकाठची काळी, खोल जमीन. तिथे ऊस, हळद. पूर्वेकडे मणेराजुरी, सावळजच्या बाजूला मुरमाड माळ, उघडे खडक आणि उताराची हलकी रानं. पूर्वी भिलवडी, पलूस, औदुंबर हा कृष्णाकाठही तासगाव तालुक्यातच होता. पलूस तालुका वेगळा झाला आणि नदीकाठ गेला. राहिला तो बहुतेक कोरडा भाग.

रेल्वेनेही गावाला वगळले. पुणे-मिरज लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला तो कृष्णाकाठाने, भिलवडीवरून. पुढे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना वसवला तो कुंडलच्या माळावर, या रेल्वेच्या कडेला. भिलवडीला चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय १९३९ साली सुरू झाला, तोही रेल्वेच्या आधाराने. तासगावकर मात्र गाडी पकडायला बैलगाडीने आणि पुढे एसटीने भिलवडीला जात राहिले.

नदी नाही, किल्ला नाही, रेल्वे नाही. मग इथे एवढे गाव मोठे झाले कशाने?

गोपुराखालची राजधानी

वस्ती जुनी आहे यात शंका नाही. देवगिरीच्या यादव घराण्यातल्या कृष्ण राजाच्या काळचा, शके ११७२ चा ताम्रपट 'तासगाव ताम्रपट' या नावाने अभ्यासकांना माहीत आहे. म्हणजे पावणेआठशे वर्षांपूर्वी या परिसरात दान देण्याजोगी जमीन, देवळे आणि ती सांभाळणारी माणसे होती. पण गावाला आजचे रूप आले ते पटवर्धनांमुळे.

पटवर्धन मूळचे कोकणातले, कोतवड्याचे. हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे पुरोहित. त्यांची मुले आणि नातवंडे पेशवाईत तलवारीवर मोठी झाली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी १७६४ च्या सुमारास कृष्णेच्या दक्षिणोत्तर मोठा मुलूख या घराण्याला सरंजाम म्हणून दिला. हेतू स्पष्ट होता. एका बाजूला कोल्हापूरकर, दुसरीकडे म्हैसूरचा हैदरअली. दोघांवर नजर ठेवणारी, कायम तयार असलेली फौज सरहद्दीवर हवी होती. त्या सरंजामाच्या पुढे शाखा झाल्या. मिरज गोविंद हरींच्या घराण्याकडे, कुरुंदवाड त्रिंबक हरींच्या घराण्याकडे आणि तासगाव रामचंद्र हरींचे पुत्र परशुरामभाऊ यांच्याकडे.

'गाव इथेच का' याचे माझे उत्तर इथे सापडते. मिरजेचा भुईकोट थोरल्या शाखेकडे होता. परशुरामभाऊंना आपले ठाणे वेगळे हवे. तासगावला नदीचा घाट नसला तरी भोवतालची जमीन महसूल देणारी होती, आणि इथून मिरज, कोल्हापूर, कराड, विजापूर अशा चारी दिशांना घोडदळाला मोकळा माळ होता. फौजेच्या सरदाराला बंदरापेक्षा माळ जास्त उपयोगाचा. हा माझा तर्क आहे, पण नकाशा त्याच्या बाजूने बोलतो.

परशुरामभाऊंनी गावात गणपतीचे मंदिर बांधले. बांधकामाचा काळ १७७९ ते १७९९ असा सांगितला जातो. मूर्ती उजव्या सोंडेची. पण येणाऱ्याची नजर जाते ती प्रवेशाच्या सात मजली गोपुरावर. महाराष्ट्रातल्या देवळांना शिखर असते, नगारखाना असतो. दाक्षिणात्य पद्धतीचे असे गोपुर आपल्याकडे विरळाच. पटवर्धनांनी दक्षिणेतल्या स्वाऱ्यांत ही गोपुरे पाहिली आणि तशी रचना इथे केली, असे गावात लहानपणापासून ऐकत आलो.

ही कथा तपासून पाहण्याजोगी आहे. परशुरामभाऊंची सर्वांत गाजलेली दक्षिणेची स्वारी टिपूविरुद्धची, १७९० ते १७९२ ची. धारवाडचा वेढा महिनोन्‌महिने चालून १७९१ च्या वसंतात किल्ला हाती आला, आणि पुढच्या वर्षी मराठे, निजाम आणि इंग्रज श्रीरंगपट्टणसमोर उभे होते. पण देवळाचे काम १७७९ ला सुरू झाले असेल तर गोपुराची कल्पना या स्वारीतून आलेली असू शकत नाही. मग कथा खोटी? तसेही नाही. पटवर्धन हैदरअलीशी १७६४ पासून लढत होते. १७७७ साली सावशीच्या लढाईत कोन्हेरराव पटवर्धन पडले, पांडुरंगराव कैद होऊन श्रीरंगपट्टणच्या तुरुंगातच वारले, आणि त्यानंतर कर्नाटकातल्या फौजेची जबाबदारी परशुरामभाऊंवर आली. देवळाचा पाया त्यानंतर दोनच वर्षांत. दक्षिण त्यांनी तोवर पुरती पाहिली होती. फक्त गावातली कथा ज्या स्वारीकडे बोट दाखवते ती नव्हे, तिच्या आधीची.

याच इतिहासाचे एक पान असे आहे की जे आम्ही रथाच्या दिवशी आठवत नाही. १७९१ च्या स्वारीत पटवर्धनांच्या सैन्याबरोबर असलेल्या लमाण-पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या स्वामींनी टिपूकडे दाद मागितली, आणि मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने मठाला मदत पाठवली. दक्षिणेतल्या गोपुराने भारावलेला सरदार आणि दक्षिणेतलाच मठ लुटणारे त्याच्या लष्करामागचे लोक ही दोन्ही चित्रे एकाच काळातली आहेत. इतिहास शिकवणाऱ्याने एक दाखवून दुसरे झाकू नये.

हे सारे आपल्याला कळते याचे मोठे श्रेय मिरजेच्या एका शाळामास्तराला आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली हजारो पत्रे वाचली, उतरवली आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने खंडामागून खंड प्रसिद्ध केले. सरदारांचे हिशेब, दाणावैरणीच्या तक्रारी, थकलेले पगार, घरची आजारपणे सारे त्या पत्रांत आहे. शाळेची नोकरी सांभाळून एका माणसाने केलेले हे काम पाहिले की मला माझी चौतीस वर्षे जरा हलकी वाटतात.

१७९५ साली खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठी फौजांचे नेतृत्व परशुरामभाऊंनी केले. तो त्यांच्या वैभवाचा कळस. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले आणि पुण्यात वारसाचे राजकारण पेटले. त्यात भाऊ ओढले गेले, काही काळ कैदेतही पडले. त्या धामधुमीत कोल्हापूरकरांच्या फौजेने तासगाववर चाल करून भाऊंचा वाडा जाळला. सप्टेंबर १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत कोल्हापूरकरांशी लढताना परशुरामभाऊ पडले. मंदिराच्या कामाचे अखेरचे वर्ष म्हणून सांगितले जाते तेही १७९९ च.

पुढे घरात वाटण्या झाल्या. जमखंडीची शाखा वेगळी निघाली. १८१८ ला पेशवाई गेली, इंग्रजांशी तह झाले. आणि १८४८ साली पुरुष वारस नाही म्हणून तासगाव संस्थान खालसा झाले. साताऱ्याची छत्रपतींची गादी खालसा झाली तेही त्याच साली. साताऱ्याचे नाव पाठ्यपुस्तकात आहे. तासगावचे नाही.

राजधानीची कचेरी झाली, दरबाराची मामलेदारी झाली. अशी कितीतरी गावे पुढे विझून गेली. तासगाव का विझले नाही? मला वाटते, एक कारण रथ. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, इथल्या संस्थानी गणपतीचे विसर्जन होते. उंच लाकडी रथ दोरांनी ओढत लोक मंदिरापासून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात. गणपती वडिलांच्या भेटीला निघाला, असा त्याचा भाव. गुलाल आणि पेढे उधळले जातात. रथाला इंजिन नाही, बैलही नाहीत. माणसांनी दोर धरला तरच तो हलतो. संस्थान गेले तरी भोवतालच्या गावांनी दोर धरायला यायचे सोडले नाही, आणि त्या निमित्ताने बाजार, सोयरिकी, देणीघेणी या गावाशी बांधलेली राहिली.

सरहद्दींचे जाळे आणि १९४२

इंग्रजी अमलातला इथला राजकीय नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी होती. तासगाव तालुका इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. त्याला लागूनच कुंडल औंध संस्थानात. दक्षिणेला सांगली आणि मिरज संस्थानांची गावे. एका दिवसात पायी चालत माणूस तीन राज्यांतून फिरून येई.

या गोधडीचा उपयोग १९४२ च्या माणसांनी नेमका केला. 'चले जाव'च्या ठरावानंतर सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ऑगस्टअखेर कराडला, ३ सप्टेंबरला तासगावला, ९ सप्टेंबरला वडूजला, १० सप्टेंबरला इस्लामपूरला. वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे आदी हुतात्मे झाले. इस्लामपूरला किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या गोळीला बळी पडले. तासगावला मात्र हजारोंचा जमाव कचेरीवर आला, तिरंगा चढवला गेला, मामलेदारांना गांधी टोपी घालावी लागली, आणि एकही गोळी न सुटता मोर्चा पार पडला. माझे आजोबा त्या गर्दीत होते. ते एवढेच सांगत, "टोपी घालताना मामलेदाराचा हात कापत हुता, आन् आमचाबी."

मोर्च्यांवर गोळ्या चालल्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. बापू लाड यांचे कुंडल हे त्याचे मोठे केंद्र. का? एक कारण भूगोलाचे आहे. इंग्रज पोलीस मागे लागले की ओढा ओलांडून संस्थानात शिरता येई. शिवाय औंधच्या राजाने १९३८-३९ मध्येच गावांच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग सुरू केला होता, त्यामुळे गावसभेची सवय लोकांना होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी रेल्वे लुटली गेली, ती योजनाही याच मुलखातल्या तरुणांची. ज्या रेल्वेने तासगावला वगळले होते, ती अशी आमच्या इतिहासात आली.

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर या सरहद्दी पुसल्या गेल्या. दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

दुष्काळाने शिकवलेला कायदा

तालुक्याच्या कोरडेपणातून एक गोष्ट निघाली, तिची दखल पुढे देशाने घेतली. वि. स. पागे हे विधान परिषदेचे १९६० ते १९७८ असे दीर्घकाळ सभापती. त्यांचे कार्यक्षेत्र तासगाव तालुक्यातले विसापूर. पाऊस नाही म्हणजे शेतात काम नाही, काम नाही म्हणजे मजुराच्या घरी चूल नाही. ही साखळी त्यांनी रोज डोळ्यांपुढे पाहिली होती. मदत म्हणून धान्य वाटण्याऐवजी मागेल त्याला काम द्यावे आणि त्या कामातून ताली, तळी, रस्ते उभे राहावेत, हा विचार त्यांनी मांडला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विसापूरच्या परिसरात त्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसे अशाच कामांवर जगली. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये संसदेने देशासाठी जो ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, त्याचे मूळ या महाराष्ट्राच्या योजनेत आहे.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. मी पाटीवर अभ्यास करत तिथेच दगडाच्या ढिगावर बसायचो. ती योजना आपल्याच तालुक्यातल्या एका माणसाच्या डोक्यातून निघाली, हे मला शिक्षक झाल्यावर दहा वर्षांनी कळले.

छायेचा फायदा

आता द्राक्षाकडे येतो, कारण भावाचा प्रश्न तिथून निघाला होता.

द्राक्षाला पाणी लागते, पण आभाळातले नको, मुळाशी हवे. फुलोऱ्यात आणि मणी भरताना पाऊस आला की दावण्या, भुरी, गळकूज असे रोग येतात. म्हणून पर्जन्यछायेतला कोरडा माळ, निचऱ्याची मुरमाड जमीन, थंडीतले स्वच्छ ऊन आणि विहिरीचे थोडे पण हुकमी पाणी हे द्राक्षाला मानवते. जी जमीन ज्वारीलाही नीट पोसत नव्हती तिच्यावर बागा उभ्या राहिल्या त्या या हिशेबाने. वर्षाला दोन छाटण्या करायच्या. एप्रिलमध्ये खरडछाटणी, तिच्यात काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यातून घड येतो. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपतो आणि एकदाच छाटतात. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून त्याला कात्रीने ऋतू शिकवावा लागतो.

आज माळावर दिसणाऱ्या अनेक बागांचे मूळ थॉमसन सीडलेस या जातीत आहे. नाव कॅलिफोर्नियातल्या माणसाचे, वेल त्याआधीचा, पश्चिम आशियातला. तासगाव तालुक्यात बोरगावचे बागायतदार वसंतराव आर्वे यांना आपल्या थॉमसनच्या बागेत एका वेलावर वेगळे, लांबट मणी दिसले. त्यांनी ती काडी जपली, वाढवली. तिचे नाव 'तास-ए-गणेश'. तास म्हणजे तासगाव, ए म्हणजे आर्वे आणि गणेश म्हणजे गोपुराखालचा. प्रयोगशाळेत न जाता, रोजच्या नजरेने हेरलेला तो एक बदल पुढे राज्यभर लागवडीत पसरला.

पुढे जमिनी आणि पाणी खारवत गेले तसे खाली डॉगरिज हा अमेरिकेतल्या रानवेलाचा खुंट आणि वर आपली काडी असे कलम आले. आणि रोगाला औषध आले ते फ्रान्समधून. बोर्डो मिश्रण हा शब्द आमच्याकडे अडाणी मजुरालाही ठाऊक आहे, पण बोर्डो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येचे शहर आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. त्या शहराजवळ मेडोक नावाचा द्राक्षांचा पट्टा आहे. अमेरिकेतून आलेल्या दावण्याने तिथल्या बागा बसवल्या होत्या. १८८२ मध्ये मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने तेवढी हिरवी आहेत. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून बागमालकांनी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडले होते. मिलार्डेने त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे एक टक्क्याचे मिश्रण आजही आमच्या भावाच्या पिंपात तसेच कालवले जाते. झाले की तो विळ्याचे पाते त्यात बुडवतो. पात्यावर तांबूस चढले तर चुना कमी पडला. ही परीक्षा त्याला आमच्या वडिलांनी शिकवली.

उरलेले काम कोरड्या हवेने केले. फेब्रुवारी ते एप्रिल इथे वारा सुका असतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात द्राक्षे बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरली की काही दिवसांत बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. ताजे द्राक्ष दलालाच्या दाराशी थांबू शकत नाही, बेदाणा शीतगृहात महिनोन्‌महिने थांबतो. म्हणजे भाव ठरवताना शेतकऱ्याच्या हातात थोडा वेळ येतो. तासगावच्या बाजार समितीतले बेदाण्याचे सौदे यामुळेच वाढले. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. कोरडी हवा, जी दोनशे वर्षे या मुलखाची कुचंबणा होती, तिचा असा पैसा झाला.

पाण्याचेही तसेच. कृष्णा तालुक्याच्या पश्चिमेला, खाली. माळ वर. मग ताकारी, म्हैसाळ, टेंभू अशा उपसा योजनांनी नदीचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवले. या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भाग शासन आणि १९ टक्के लाभधारक शेतकरी उचलतो असे धोरण आहे. पाणी उताराने येत नाही, विजेने येते. त्यामुळे आमच्या पूर्वभागात कॅनॉलला पाणी सुटले ही बातमी कुठल्याही निवडणुकीच्या निकालापेक्षा मोठी असते.

छाया हलते आहे

मग परवडंना का? भावाच्या वहीत मी गेल्या काही वर्षांच्या नोंदी पाहिल्या. तो फवारणीची तारीख, औषध आणि खर्च लिहितो. दहा वर्षांपूर्वी छाटणीपासून काढणीपर्यंत जेवढ्या ओळी होत्या त्याच्या जवळजवळ दुप्पट आता आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लांबतो. एका रात्रीच्या सरीने फुलोऱ्यातला घड कुजतो. रॅकवर बेदाणा असताना मार्चमध्ये गारा. म्हणजे ज्या एका गोष्टीवर, कोरडेपणाच्या भरवशावर, ही सारी शेती उभी राहिली तीच डळमळते आहे. बाग उभी करायला एकरी लाखो रुपये घातलेले असतात. सोसायटीचे कर्ज, दुकानाची उधारी, मुलांच्या फिया सारे त्या एका घडाला लोंबकळत असते. एका भावाच्या वहीवरून तालुक्याचा निष्कर्ष काढू नये हे मला कळते. पण गेल्या उन्हाळ्यात मणेराजुरीच्या रस्त्याला तोडलेल्या वेलींचे आणि उपटलेल्या लोखंडी अँगलचे ढीग मी स्वतः पाहिले.

या वर्षीच्या ऋषिपंचमीला आम्ही दोघे रथाला गेलो. परतताना चहाच्या टपरीवर मी त्याला माझे उत्तर सांगितले. म्हटले, "द्राक्ष इथे आलं त्याला साठएक वर्षं झाली. गाव निदान पावणेआठशे वर्षांचं आहे. संस्थान गेलं तेव्हाही लोकांना वाटलं असेल, आता ऱ्हातंय काय. वाडा जळला, पेशवाई गेली, दुष्काळ आले. प्रत्येक वेळी इथल्या माणसांनी लांबचं काहीतरी आणून इथल्या मातीत बसवलं. गोपुर दक्षिणेचं, वेल पश्चिम आशियातला, खुंट अमेरिकेचा, औषध फ्रान्सचं, पाणी कृष्णेचं."

तो ऐकत होता. मग म्हणाला, "बरोबर हाय दादा. पर त्या येळच्या माणसांचं मधल्या मधी काय झालं, ते लिवलंय का तुझ्या पुस्तकात?"

नाही, लिहिलेले नाही. १८४८ नंतर पागेवरच्या मोतद्दारांचे, वाड्यावरच्या शागिर्दांचे, दरबारच्या शिंप्यांचे काय झाले, हे मला कुठल्याही खंडात सापडले नाही. गाव टिकते म्हणजे गावातला प्रत्येक जण टिकतो असे नाही, आणि पागे यांच्या योजनेचे मोल नेमके इथे आहे. मधल्या काळात माणसाने जगायचे कसे, हा प्रश्न त्यांनी विचारला होता.

भावाने एक एकर काढली. राहिलेल्या दीड एकरापैकी निम्मी बाग त्याने बेदाण्यासाठीच धरायचे ठरवले आहे. मोकळ्या रानात यंदा शाळू पेरला आहे. हा लेख छापून तुमच्या हाती येईल तेव्हा त्याची बाग फुलोऱ्यात असेल. पहाटे चारला आभाळ बघायला तो अंगणात येईल, आणि मी पुण्याहून फोन करून विचारीन, "चांदण्या दिसतायत का रे?"